हसू तपासणारे डॉक्टर

मी चोवीस वर्षांची होते तेव्हा अहेरीकडच्या जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. गाव लहान. दवाखाना कवेलूंच्या छपराचा, तीन खोल्यांचा, आणि समोर रोग्यांना बसायला लांबलचक छपरी. तेव्हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. नुकतंच राज्य बदललं होतं. आमची राजधानी नागपूरहून मुंबईला गेली आणि त्या उलथापालथीत पुण्याकडचे एक डॉक्टर आमच्या वाट्याला आले.

डॉक्टर पन्नाशीला टेकलेले, एकटे, उंच, डोक्याला टक्कल. कपड्यांची एक पेटी आणि पुस्तकांच्या दोन. माणूस भला होता. रोग्याच्या पायाला पू असो की किडे, नाक न मुरडता स्वतः धुवायचे. पण त्यांना हसू येत नसे. म्हणजे ते रागीट होते असं नाही. समोर दहा माणसं पोट धरून हसत असली की ते चष्मा वर करून एकेकाकडे बघत राहायचे. जणू गावात कुठलीशी साथ आली आहे आणि लागण कुणापासून झाली ते शोधायचं आहे.

ते येऊन आठवडा झाला असेल. एक धानाचा शेतकरी खांद्यावरचं गळू कापून घ्यायला आला होता. बोलताबोलता म्हणाला, "साहेब, परवा बिबट्यानं माही बकरी नेली."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले.

"अरेरे काऊन? सासऱ्यानं देल्ली बकरी होती. दोन वर्सापासून वापस मांगून राह्यला होता. आता म्हणा, जाय, बिबट्याले मांग!"

छपरीत हशा पिकला. मीही हसले. डॉक्टरांनी सुरी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे सासऱ्यांनी बिबट्याकडे जावं, असं तुम्हाला वाटतं?"

त्या माणसाचं हसू विरलं. चेहरा पांढरा पडला. गळू तसंच ठेवून तो उठायलाच निघाला होता. मी हाताला धरून बसवला. जाताना मात्र त्यानं मला बाजूला घेतलं. "बाई, हे त्याईले कोणं सांगतलं?"

संध्याकाळी डॉक्टरांनी मला एक जाड वही दाखवली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. पहिल्यात काय बोललं गेलं, दुसऱ्यात कोण कोण हसलं, आणि तिसऱ्यात काय बोलता आलं नाही. ते पूर्वी वर्ष-दीड वर्ष कलकत्त्याला मनाच्या दुखण्यांचं शिक्षण घेऊन आले होते. माणसाचं मन, ते मला सांगू लागले, सरळ बोलायला धजत नाही. भीती, राग, हाव, लाज असं सगळं दाबून ठेवतं. मग ते विनोदाचं सोंग घेऊन बाहेर पडतं, आणि सगळे हसतात म्हणून कुणी त्याला अडवत नाही.

"पण मला इथली भाषा नीट कळत नाही," ते म्हणाले. "तुम्ही ऐकून लिहून द्याल का? जसंच्या तसं. शुद्ध करू नका."

मी हो म्हटलं. मला गंमत वाटली. शिवाय मला स्वतःला विनोद करायची भारी खोड होती आणि इतक्या दिवसांत कुणीतरी ती कामाची आहे असं म्हणत होतं.

गावात मात्र वेगळाच अर्थ पसरला. डॉक्टर लोकांना 'तू काऊन हसला' असं विचारतात, म्हणजे त्यांना हसू म्हणजे काय हेच ठाऊक नसावं. कुणी म्हणालं, त्यांच्या पोटात हसू अडकलं आहे. कोतवालानं तर मला गंभीरपणे विचारलं, "यावर त्याईच्या पुस्तकात काई दवा नाई का?"

आणि मग लोकांनी डॉक्टरांना बरं करायचं मनावर घेतलं. बाजाराच्या दिवशी दुखणं नसलेली माणसंही रांगेत दिसायला लागली. कुणी नक्कल करून दाखवायचं, कुणी कोडं घालायचं. एका बाईला मी औषधाची बाटली दिली तर तिनं ती डॉक्टरांसमोर नाचवत विचारलं, "हे मी पिऊ का नवऱ्याले पाजू? दुखणं तं त्याच्यापासूनच हाय." छपरी हसली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "छान. नवऱ्याला सोबत घेऊन या, दोघांना तपासू." ती बाई पुढचे दोन आठवडे नवऱ्याला दवाखान्याच्या वाटेनं येऊच देत नव्हती.

डॉक्टर खूश होते. वही भरत होती. ते स्वतः मात्र हसत नव्हते ते नव्हतेच.

रोज येणाऱ्यांमध्ये एक म्हातारी होती. जंगलातल्या गोंड पाड्यावर राहायची, मोहफुलं आणि चारोळीची चारं वेचायची. तिच्या डाव्या पायाला न भरणारी जखम होती, म्हणून मी रोज तिचा पाय कोमट पाण्यात बुडवून, धुऊन, पट्टी बांधायचे. गावातले सगळे तिला बुढी म्हणत. तिच्यात आणि नातवाच्या वयाच्या कुणाही पोरात थट्टेचं नातं असायचं; ती त्यांना नवरा म्हणे आणि लग्नाचा खर्च मागे. तिच्या लोकांत आजी-नातवंडांनी एकमेकांची थट्टा करायची रीतच होती. नाही केली तर घरात काही बिनसलं आहे असं लोक समजत.

एके दिवशी जखम फारच बिघडलेली दिसली. मी डॉक्टरांना बोलावलं. ते वाकून बघू लागले. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "असे तोंड काऊन पाडता? हा पाय पयले वर जाते. तिथी जाऊन जागा धरून ठेवते. मंग बाकीची मी सावकाश येतो."

आम्ही कुणीच हसलो नाही. पण छपरीतलं जडपण गेलं. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिसरा रकाना बराच वेळ कोरा ठेवला.

"हा निराळा आहे," ते म्हणाले. "इतरांच्या विनोदाला दात असतात. कुणाला तरी चावायचं असतं. इथे ही बाई कुणालाच चावत नाही. घाबरलेल्या लेकराला घरातलं मोठं माणूस कसं सांगतं, अरे, एवढंच ना? तशी ती स्वतःच स्वतःची आजी झाली, आणि स्वतःला मांडीवर घेतलं."

मला ते इतकं आवडलं की मी ते माझ्या डायरीत उतरवून घेतलं. पुस्तकातल्या माणसाला बुढी कळली, याचा मला अभिमान वाटला.

तो अभिमान पंधरा दिवस टिकला.

डॉक्टर बैलबंडीत बसून दोन दिवसांच्या फिरतीवर गेले होते. एका दाईनं बाळंतपणाच्या खोलीत अशी काही मजेदार गोष्ट सांगितली की मला ती लगेच लिहावीशी वाटली. कोरं पान शोधायला मी वही शेवटाकडून उघडली. तिथे वर मथळा होता: नर्स.

खाली माझे विनोद होते. ओळीनं, क्रमांक घालून. मी कधी काय बोलले होते ते मलाही आठवत नव्हतं, पण डॉक्टरांनी टिपून ठेवलं होतं. दवाखान्याचं घड्याळ कायम चुकीचे ठोके द्यायचं, त्यावर मी म्हटलं होतं, 'चुकतं तरी किती जोरात वाजतं बघा, साहेब व्हायचं ते घड्याळ झालं.' तिसऱ्या रकान्यात: वडील. मागवलेला झाडू सहा महिने आला नाही, तेव्हाचं माझं वाक्य होतं, 'राज्य बदललं, पण आपला झाडू अजून जुन्याच राज्यात रुसून बसलाय, पत्र टाकत नाही.' तिसऱ्या रकान्यात: वडील. धानाच्या बांधावरच्या बुजगावण्याबद्दल मी म्हटलं होतं, 'याला टोपी घाला, शाळेत गुरुजी म्हणून चालेल. पाखरं तर आत्ताच पळतात.' तिसऱ्या रकान्यात वडील, आणि त्याखाली दोन रेघा.

असे वीस-बावीस. सगळीकडे तेच.

माझे वडील वरोऱ्याजवळच्या एका गावात शाळामास्तर होते. मी डॉक्टरांना हे कधी सांगितलं नव्हतं. नागपूरला नर्सिंगला जायचं मी ठरवलं तेव्हा बाबूजी एवढंच म्हणाले होते, "परक्या मानसाईचे पाय धुवाले तुले शिकवलं का मी?" त्यानंतर त्यांनी अबोला धरला. माझी नोकरी लागली, मी पत्रं लिहिली, उत्तर आईकडून शेजारणीच्या हातचं यायचं. बाबूजींचं अक्षर मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

मला संताप आला. कुणाच्या मनाची कडी अशी न विचारता काढायची? डॉक्टर परतल्यावर मी काही बोलले नाही, फक्त चार दिवस त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. त्यांना ते कळलंच नाही. पाचव्या दिवशी मीच फुटले.

"माझ्या वडिलांना तुम्ही पाहिलं तरी आहे का?"

डॉक्टरांना क्षणात कळलं मी काय वाचलं ते. त्यांचे कान लाल झाले. "नाही," ते म्हणाले. "पण ते रोज इथे येतात. तुमच्या बोलण्यातून."

"मग माझ्या नावानं एक केसपेपरच काढा त्यांचा!"

"पाहा," ते हळूच म्हणाले, "हाही त्यांच्यावरच झाला."

मी पाय आपटत निघून गेले. पण त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. विनोद जिभेवर आला की मी आधी मनात तिसरा रकाना भरून बघायचे, आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. बुढीनं सुद्धा विचारलं, "बाई, तू गुमसुम झाली. डाक्टरचं दुखणं तुले लागलं का?"

धानाची कापणी चालू होती त्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमाराला, दवाखान्यासमोर एक बंडी थांबली. छपरी रोग्यांनी भरलेली. बुढी पाय घमेल्यात बुडवून बसलेली आणि मी तिच्यासमोर जमिनीवर, हात कोपरापर्यंत ओले. मान वर करून बघते तर बंडीतून बाबूजी उतरत होते. पांढरी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री आणि हातात एक पिशवी. त्यांनी मला परक्या माणसाचा पाय धुताना पाहिलं. मी त्यांना पाहिलं. दोघंही जागच्या जागी.

"पोट दुखून राह्यलं," बाबूजी शेवटी म्हणाले. चार वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. "वरोऱ्याच्या डाक्टरले काई सापडलं नाई. मनलं, इकडं दाखवून पाहू."

वरोऱ्यापासून आमच्या गावाला यायला तेव्हा दोन मोटारी आणि एक बंडी लागायची. पोट दाखवायला कुणी इतकं लांब येत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी घाईघाईनं उठले, हात पुसले, डोक्यावर पदर घेतला. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. ओळख करून देणं भाग होतं. सगळी छपरी बघत होती. मी आधी डॉक्टरांकडे हात केला आणि खणखणीत आवाजात बोलले,

"बाबूजी, हे माझे वडील."

मग बाबूजींकडे हात करून, "आणि डॉक्टरसाहेब, हे इथले डॉक्टर."

कुणी हललं नाही. माझ्या तोंडून काय गेलं ते मला दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. आणि तेवढ्यात एक आवाज आला. आधी वाटलं, स्टोव्हमध्ये कुणी हवा भरतंय. मग वाटलं, डॉक्टरांना दमा लागला. त्यांनी छपरीचा खांब धरला होता, खांदे गदागदा हलत होते, चष्मा एका कानावर लोंबत होता. डोळ्यांतून पाणी. तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर हसत होते.

"डाक्टर हासला!" कुणीतरी ओरडलं. एकजण कोतवालाला सांगायला धावला. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. सहा महिने ज्याच्यासाठी सारं गाव खपलं होतं ते माझ्या एका घसरलेल्या जिभेनं झालं होतं, आणि मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाबूजींची मान ताठ होती. त्यांचा तो चेहरा मला ठाऊक होता. त्या चेहऱ्यानंतर घरात आठ-आठ दिवस कुणी बोलत नसे.

बुढीनं घमेल्यातला पाय हलवत विचारलं, "बाई, एक बाप पुरत नाई का तुले?"

बाबूजींनी छत्री भिंतीला टेकवली. पिशवी खाली ठेवली. सरळ आत गेले आणि डॉक्टरांच्या खुर्चीवर जाऊन बसले. टेबलावरचा घसा तपासायचा चमचा उचलला, माझ्याकडे रोखला आणि शाळेत हजेरी घ्यायच्या आवाजात म्हणाले,

"मी इथला डाक्टर ना? मंग ये इकडं. जीभ दाखव. घसरते मनतात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाबूजींनी विनोद केला होता. चेहऱ्यावरची एक सुरकुती न हलवता, माझ्यासारखाच. मी नकळत खरंच जीभ बाहेर काढली. तेव्हा त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि मग आम्ही दोघंही हसलो. मला हसताहसता रडू आलं. ते लपवायला मी पुन्हा बुढीच्या पायापाशी जाऊन बसले, तर ती पदर पुढे करून म्हणाली, "पूस. पाय मागून धुजो."

पिशवीत ज्वारीचं पीठ होतं. या धानाच्या मुलखात पोरगी नुसता भात खात असेल, म्हणून आईनं दळून दिलं होतं. बाबूजी म्हणाले आईनं, पण आईचं नाव घेताना त्यांनी छताकडे बघितलं. दिवेलागणीला मी भाकरी केल्या आणि डॉक्टरांना जेवायला बोलावलं. डॉक्टर दुपारपासून जरा ओशाळलेले होते.

"मले एक सांगा," बाबूजींनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं. "हिनं असं काऊन मनलं? तुमाले बाप, मले डाक्टर?"

मी मीठ आणायच्या निमित्तानं उठले आणि चुलीपाशीच थांबले.

"घाईत जीभ मनातलं बोलून जाते," डॉक्टर म्हणाले.

"मंजे हिले तुमच्यासारखा बाप पायजे होता?"

डॉक्टरांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांना कोरडं शास्त्र सांगता आलं असतं. ते म्हणाले, "बाप तुम्हीच हवे होता, गुरुजी. फक्त नाडी धरून, कशी आहेस, म्हणून विचारणारे."

जेवण झालं, हात धुतले. मग माझ्याकडे न बघता बाबूजींनी माझं मनगट धरलं. नाडी कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं, भलत्याच जागी अंगठा दाबला होता.

"बरी आहेस का?"

"बरी आहे, बाबूजी."

"मंग झालं."

त्यानंतर ते खुलले. मला कधी ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी त्या जेवणानंतर सांगितली. लग्नाआधी ते दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाटकात, काम करायचे, आणि तेही बाईचं सोंग घेऊन. राणी व्हायचे, मालन व्हायचे, ठुमकत यायचे, अख्खं गाव लोळायचं. एकदा आजोबांनी भर खेळात लुगड्यासकट फरफटत घरी आणलं आणि बाभळीच्या काडीनं झोडपलं. त्यानंतर बाबूजी मास्तर झाले आणि हसणं सोडून दिलं. "लाज वाटत होती," ते म्हणाले. "पोरं भेली पायजे मास्तरले. मास्तर हासला का राणी आठवते लोकायले."

डॉक्टरांचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. पण त्या रात्री त्यांनी वही उघडली नाही.

बाबूजी नऊ दिवस राहिले. पोटाला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी तरी ओव्याच्या अर्काचं मिश्रण दिलं आणि दिवसातून तीनदा ते माझ्याच हातून घ्यायचं अशी अट घातली. बाबूजी छपरीत बसून रोग्यांची नावं लिहून घ्यायचे, चुकलेली नावं शुद्ध करायचे. बुढीशी त्यांचं जमलं. ती त्यांना बाईचं सोंग करून दाखवा म्हणायची, ते नाही म्हणायचे. पण निघायच्या आदल्या दिवशी, रोगी संपल्यावर, त्यांनी माझा पदर मागून घेतला, डोक्यावर ओढला आणि छपरीत चार पावलं चालून दाखवली. चारच. बुढी हसूनहसून घमेल्यातलं पाणी सांडून बसली. तिचा पाय उन्हाळ्यापर्यंत भरत आला. दोन बोटं मात्र गेली.

बाबूजी गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलंच. "एवढ्या लोकांनी एवढं केलं, तेव्हा नाही, आणि माझ्या चुकीला हसलात. का?"

"मी लग्न केलं नाही," ते म्हणाले. "मला आजवर कुणी बाप म्हटलं नव्हतं. आणि तुम्ही म्हटलंत तेही खऱ्या बापासमोर, एवढ्या लोकांत. मला फार बरं वाटलं. इतकं की लाज वाटली." एवढं बोलून ते रोग्याला हाक मारायला उठले. त्यांना पुन्हा तसं हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं. पण आता ते हसण्याची कारणं विचारत नसत, लोकही त्यांना बरं करायच्या मागे नव्हते, आणि बाजाराच्या दिवशी रांगेत फक्त आजारी माणसं येऊ लागली.

उन्हाळ्यात मी रजा घेऊन घरी गेले. दारात पाऊल टाकते न टाकते तोच आईनं मला हाताला धरून न्हाणीकडे ओढलं. बाबूजी आत सुपारी कातरत होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्या कानाशी आली.

"तुमच्या दवाखान्यात याईले काय पाजलं?" तिनं विचारलं. "जेवताना बोलतेत. कालपरवा तं मले हासवलं, अन् मी पाण्याचा घोट घेत होतो."

"मग काय झालं?"

"काय होते? नाकातून पाणी. वर मनतेत कसे, दाखव जीभ."

आत अडकित्त्याचा आवाज थांबला होता. बाबूजी ऐकत होते.